कपाळावरचं पाणी

सायमन आढावानं खांद्यावर हात ठेवला तो इतका हलका, की हौशीराम सरांना आधी वाटलं, मागून कुणी पोरगं वाट मागतंय. जेवणघरात ते, शाळेचे प्राचार्य, आपल्या नेहमीच्या जागी उभे होते. पोरं बाकांमागं उभी, वरणाच्या पातेल्यांवरची झाकणं निघालेली, आणि जेवणाआधीची लॅटिन प्रार्थना म्हणायला सरांनी तोंड उघडलेलं. "सर, आजपासून मी म्हणतो," सायमन हळूच म्हणाला, आणि म्हणायला लागलासुद्धा. ही प्रार्थना शाळेतल्या झाडून साऱ्या पोरांना सरांनी शिकवली होती. सायमनलाही त्यांनीच शिकवली होती, गेल्या पावसाळ्यात, व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. आता तो ती डोळे मिटून म्हणत होता आणि सर उघड्या तोंडानं त्याच्याकडं बघत होते. पोरांनी 'आमेन' म्हटलं, बाक सरकले, जेवण सुरू झालं. कुणाचं काही अडलं नाही. सरांना राग आला तो आधी याचाच.

जेवणं आटोपल्यावर सायमननं त्यांना ऑफिसात बोलावलं. हा माणूस वाईट नव्हता, हीच खरी पंचाईत. परदेशात बरीच वर्षं कॉम्प्युटरच्या कंपनीत काढून, मग देवाचं बोलावणं आलं म्हणून परत आलेला, चाळिशीतला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारा, सरांच्या पाया पडायलाही मागंपुढं न बघणारा. संस्थेनं त्याला जूनमध्ये संचालक नेमलं होतं. त्यानं चहा मागवला, स्वतः उठून सरांच्या कपात साखर घातली आणि सांगितलं ते असं, की शाळा ख्रिस्ती आहे, देणगीदार विचारतात, आईबापही विचारतात, तेव्हा पुढच्या सत्रापासून प्राचार्य बाप्तिस्मा झालेलाच असावा असं संस्थेनं ठरवलंय. येत्या रविवारी पवनेच्या धरणावर काही मंडळी बाप्तिस्मा घेणार आहेत, सरांनीही यावं. नाही जमलं तर सर आपले मानद सल्लागार, महिन्यातून एकदा येऊन मुलांशी बोलायचं. तुंगार्लीतली शाळेची खोली मात्र नव्या प्राचार्यांना लागेल. "तुम्ही मनानं आमचेच आहात, सर," तो म्हणाला. "फक्त पाण्याचं तेवढं राहिलंय."

पाण्याचं तेवढं राहिलंय. म्हणजे बंगला बांधून झाला, रंग झाला, आता नळजोडणी तेवढी बाकी! सर चहा प्याले, मान हलवली, बाहेर पडले आणि तुंगार्लीच्या तळ्याकडं चालू लागले, तेव्हा अर्ध्या वाटेवर त्यांना उत्तर सुचलं. उत्तर इतकं बिनतोड होतं की ते ऑफिसात का सुचलं नाही याचा संताप आणखी वेगळा. अरे शहाण्या, या शाळेत आपण जे कवी शिकवतो त्यातले निम्मे तुझा ख्रिस्त जन्मायच्या आधीच मेलेत. त्यांना घाल आधी पाणी, मग माझ्याकडं ये. बंगल्यांच्या कुंपणांवरून बोगनवेली लोंबत होत्या, एका गेटाआड कुत्रं जीव तोडून भुंकत होतं, आणि सर चालता चालता मोठ्यानं बोलत होते. हेच तर आयुष्यभर सांगितलं होतं त्यांनी. प्रबंधच त्याच्यावर होता: युरोपातल्या प्रबोधनकाळातले शाळामास्तर, जे सकाळी चर्चमध्ये गुडघे टेकायचे आणि दुपारी पोरांकडून मूर्तिपूजकांच्या कविता घोकून घ्यायचे, आणि या दोन्हींत त्यांना काडीचंही भांडण दिसायचं नाही. पुण्याच्या कॉलेजात सरांनी उभी नोकरी त्या एका पेपरवर काढली. हौशीराम नावाचा माणूस सुनीतं शिकवतो म्हणून स्टाफरूममध्ये खसखस पिकायची. एक बाई भेटेल त्याला सांगायच्या, आमच्या हौशीरामांचे उच्चार ऐका, डोळे मिटून ऐकलं तर खरंच वाटत नाही. डोळे मिटून! आणि उघडल्यावर काय दिसायचं बाईंना? भाजे गावच्या शेतकऱ्याचं पोर, दुसरं काय. त्या काळच्या कवींना गुराख्यांचं भारी वेड. बासऱ्या, झरे, शेळ्या, प्रेमभंग. वर्गात एकानं आयुष्यात शेळी राखलेली नसायची. सरांनी राखली होती. शेळी राखताना प्रेमभंग होत नाही, शेळी शेजाऱ्याच्या रानात शिरते आणि शेजारी आईवरून शिव्या देतो, हे ते पोरांना सांगायचे, पोरं हसायची, आणि मग सर ती कविता अशी म्हणून दाखवायचे की हसणं थांबायचं. तेवढ्यासाठी जगले ते. निवृत्त झाल्यावर संस्थेची माणसं घरी आली, म्हणाली, लोणावळ्यात जुन्या पद्धतीची शाळा काढायचीय, लॅटिन, तर्क, वक्तृत्व, सगळं. तुमच्याशिवाय कोण करणार? तेव्हा नाही कुणी पाण्याचं विचारलं. तेव्हा सर कोरडे चालत होते.

आणि ज्यानं विचारायला हवं होतं त्यानं तर कधीच विचारलं नव्हतं. फादर आल्बान. हडकुळा, ताडमाड जर्मन म्हातारा, नगरकडच्या खेड्यांत मराठी शिकलेला, त्यामुळं 'इकडं ये रं' म्हणणारा. लोणावळ्यातल्या मिशनच्या बोर्डिंगात धोंडिबाचं पोर, म्हणजे हौशीराम, फुकट जेवायला मिळतं म्हणून आलं. फादरनं त्याला लॅटिन लावलं. रोज संध्याकाळी, बाकीची पोरं चर्चमध्ये गेली की. तुला तिकडं जायचं का, असं फादरनं एकदाही विचारलं नाही. जा म्हणाला नाही, जाऊ नको म्हणाला नाही. पुढं पुण्यात, पुढं परदेशात दोन वर्षं, सरांना नाना तऱ्हेचे धार्मिक लोक भेटले आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत कधी ना कधी तो प्रश्न उभा राहिलेला त्यांनी बघितला. फादरच्या डोळ्यांत नाही. सरांच्या लेखी तो म्हातारा मोठा होता तो याच्यासाठी. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही तो अविश्वासानं नव्हे. खरं म्हणजे विश्वास आहे की नाही हे त्यांनी स्वतःलाही कधी नीट विचारलं नव्हतं. पण न मागता मिळालेल्या गोष्टीची पावती फाडायची नसते, एवढा त्यांचा ताठा होता. आणि आता हा सायमन, फादरचं नखही न पाहिलेला, त्याच गोष्टीची पावती मागत होता. रविवारपर्यंत.

तळ्याच्या बांधावर ते बसले नाहीत, तसेच स्टेशनकडं वळले. घरी जायचं. घर म्हणजे भाजे. तुंगार्लीची खोली ही शाळेची, ते आत्ताच कळलं होतं. लग्न केलं नव्हतं, पुण्यातली जागा भाड्याची होती ती कधीच सोडली. पण भाज्यात आपलं घर आहे, आई आहे, धाकटा भाऊ मारुती आहे, आपण गेलो की पाट मांडतात, सगळ्यांच्या आधी वाढतात. सांगायचं, आलो कायमचा. दरवेळी ते आधी फोन करत. आज केला नाही. माणसानं स्वतःच्या घरी जायला फोन कशाला करायचा, असं त्यांना एकाएकी वाटलं, आणि इतकी वर्षं आपण तो का करत होतो याचाच राग आला. पुण्याकडची लोकल मिळाली. पुढचंच स्टेशन मळवली. स्टेशनबाहेरच्या चहावाल्यानं विचारलं, काय फादर, आज मधल्या वारी? गावातले निम्मे लोक त्यांना फादर म्हणत. लग्न नाही, पांढरा सदरा, मिशनच्या लोकांत ऊठबस, म्हणून गमतीनं पडलेलं नाव, असं सर धरून चालले होते. एरवी ते हसत. आज त्यांनी मान वर केली नाही. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडताना खालून गाड्या कानठळ्या बसवत जात होत्या, पलीकडं भाताची खाचरं कापून मोकळी झाली होती, लेण्यांच्या वाटेवर शनिवार-रविवारच्या गर्दीसाठी टाकलेल्या टपऱ्या ताडपत्रीत गुंडाळून पडल्या होत्या. मारुतीनं घरापुढच्या खाचरात आता पार्किंग केलं होतं. तिथं आज एकच गाडी होती आणि तिच्या टपावर कोंबडी बसली होती.

घरात झोडणीचे दिवस, त्यामुळं मारुती उशिरा जेवायला बसला होता. आई पडवीत बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती, झोपली असेल म्हणून सरांनी तिला हाक मारली नाही. मोरीत हातपाय धुतले, सरळ स्वयंपाकघरात शिरले, मांडणीवरचं एक स्टीलचं ताट ओढलं आणि मारुतीच्या शेजारी बसकण मारली. वाढ गं नंदाबाई, म्हणाले. भावजयीचा भाकरीवरचा हात तिथंच थांबला. तिनं नवऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, भाऊजी, तुमचं ताट पडवीत हाय, आनते मी. मारुतीनं तोंडातला घास गिळला. "असू दे," तो म्हणाला. "वाढ त्यातच. आता आबा थोडंच बसल्यात बघाया."

वडील जाऊन वर्षं झाली होती; आबा काय बघत होते, सरांनी विचारलं. नंदाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. त्यांनी पुन्हा विचारलं, या खेपेला वर्गात विचारावं तसं. मारुती आमटीत भाकरी कुस्करत राहिला आणि खाली बघूनच म्हणाला, "तुला ठावं न्हाई व्हय दादा? आमाला वाटलं, तूच समजून बसतुयास भायेर."

मग त्यानं सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. दादा बोर्डिंगात असताना बाटला, हे आबांना तेव्हाच कळलं होतं. आबांनी आदळआपट केली नाही, पोराला घरातून काढलं नाही, फक्त त्याचं ताट वेगळं केलं. भावकीनं काही म्हणू नये एवढ्यासाठी. पितळेचं चांगलं ताट घेतलं, बाजारातनं नवं, कल्हई करून. पोराच्या मनाला लागू नये म्हणून पाट दिला, आधी वाढायचं ठरवलं. ते ताट पडवीतल्या कोनाड्यात राहायचं आणि बाहेरच्या बाहेर घासलं जायचं. आबा गेले, तरी पडलेली रीत पडली. मारुती हे सारं तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, उलट जरा अभिमानानंच सांगत होता, की बघ, आमी तुला कवा तोडलं न्हाई. सरांच्या हातातलं रिकामं ताट मांडीवर होतं. ते ऐकत होते आणि एकेक गोष्ट पाठीमागं जाऊन उलटी होत होती. पाट. रांगोळीसुद्धा असायची कधीकधी. घरातली सगळी आत दाटीवाटीनं बसून हसतखिदळत जेवायची आणि हा पडवीत एकटा, मोठा माणूस म्हणून, पंखा त्याच्याकडं तोंड करून. केवढं सुख वाटायचं त्यांना त्या एकटेपणात! पुण्यात स्टाफरूममध्ये कुणी खसखस पिकवली की सर मनात म्हणायचे, माझ्या गावात ये आणि बघ, मला कसं वाढतात. फादर हे नाव. फोन करून ये, दादा, म्हणजे बरं पडतं. आबा गेले तेव्हाची स्मशानातली दुपार. सर पुण्याहून धावत पोचले, तिरडी उतरली होती, अजून काही झालं नव्हतं, आणि तरी मडकं मारुतीच्या खांद्यावर होतं. थोरला उभा असताना धाकटा. चुलत्यानं सरांना दंडाला धरून हळूच मागं घेतलं होतं, लई दमलायस, म्हणाला होता, बस सावलीला. आणि सर सावलीला बसले होते. लोक किती जपतात म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओळींमधलं वाचलं, चारशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसांच्या मनातलं काढून दाखवलं, आणि समोर ठेवलेलं ताट वाचता आलं नाही. सर उठले. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

"मी बाटलो न्हाई," ते ओरडले. किती वर्षांत तोंडात न आलेली गावची बोली आपसूक आली. "कुनी सांगितलं तुमाला? माज्या अंगाला थेंब लागला न्हाई आजपतुर. तितं म्हनत्यात पानी घेतलं न्हाई म्हून भायेर हो, हितं म्हनता घेतलं म्हून भायेर बस. मी हाय तरी कुनाचा?" ताट त्यांनी फेकलं नाही, पण ठेवलं ते असं की नंदाबाई दचकून मागं सरली. मारुती उठून दारापाशी गेला, बाहेर बघून आला, म्हणाला, दादा, हळू बोल, झोडायला पोरं आलेत, आजकाल असल्या गोष्टी गावात लई पेटत्यात. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण काय ऐकलं. बाटला नाही? म्हणजे मुळातच नाही? त्याचा चेहरा असा झाला, की सरांना क्षणभर त्याची दया आली आणि लगेच दयेचाही राग आला. मग आबांना कुणी सांगितलं, सरांनी विचारलं. मारुतीनं पडवीकडं बघितलं.

आई उठून बसली होती. नव्वदीला टेकलेली मुक्ताबाई, हातापायाच्या काड्या, पण कान तिखट. सगळं ऐकलं होतं तिनं. मारुतीला आणि सुनेला तिनं खळ्यावर जायला सांगितलं आणि ती गेली. सर बाजेसमोर उभे राहिले, बसले नाहीत. त्यांना वाटलं होतं, आई आता रडेल, हात जोडेल, चुकलं म्हणेल. ती त्यांच्याकडं बघत राहिली, डोळे बारीक करून, ओळख पटत नसल्यासारखी. मग तिनं विचारलं, खरं न्हाई घेतलंस? सर म्हणाले, नाही. मग मी बघितलं ते काय व्हतं, ती म्हणाली.

तिनं बघितलं ते असं. हौशा बाराचा होता, बोर्डिंगात त्याला विषमज्वर झाला, निरोप आला की पोरगं वाचत नाही. धोंडिबा नांगरावर होता. ती एकटी निघाली, मळवलीपासून रुळाच्या कडेकडेनं लोणावळ्यापर्यंत चालत, आणि आजाऱ्यांच्या खोलीच्या दारात पोचली तेव्हा आत फादर तिच्या पोराच्या कपाळावर तांब्यानं पाण्याची धार धरत होता आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, आणि पोरगं डोळे मिटून त्याच्या मागं म्हणत होतं. ती आत गेली नाही. दारातच बसली. तिला कुणी सांगायची गरज नव्हती काय चाललंय ते; गावात ऐकलेलं होतं, असंच करतात. सकाळी ताप उतरला. "मी म्हनलं, घेतला तर घेतला त्येंनी," ती म्हणाली. "जगवला न्हवं? त्येंचा का आसंना, हाय तर खरा." घरी येऊन नवऱ्याला तिनंच सांगितलं होतं. लपवून ठेवून पुढं भावकीत फजिती होण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

सरांना ती खोली आठवली. चुन्याचा वास, लोखंडी खाट, कपाळावरून कानात उतरणारं गार पाणी. ती प्रार्थना नव्हती. देवाचं त्यात नावसुद्धा नव्हतं. दोन गुराखी झाडाखाली बसून बोलतात अशी दोन हजार वर्षांपूर्वीची कविता होती, फादर आणि त्यांनी त्याच आठवड्यात अर्थ लावायला घेतलेली, आणि पोरानं शुद्ध सोडू नये म्हणून फादर एकेक ओळ त्याच्याकडून म्हणवून घेत होता. ताप उतरवायला पाणी आणि जाग ठेवायला गुराखी. एवढंच. एवढ्यावर आबांनी पितळेचं ताट आणलं होतं. सरांना हसू येईल असं वाटलं, आलं नाही. तू मला एकदा विचारायचं नाहीस? ते आईवर कडाडले. एकदा! इतक्या वर्षांत! ताट मांडताना तुझा हात नाही अडखळला?

"आडखळायचं काय त्यात," आई म्हणाली. "तू गेलास की त्या ताटात मीच जेवते. मी बी तसलीच."

तसली म्हणजे, सरांनी विचारलं. विचारताना आवाज खाली आलेला त्यांना जाणवला. आईनं दाराकडं एकदा बघितलं. मग पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि सांगितलं. धोंडिबा गेल्यावर दुसऱ्या वर्षाची गोष्ट. तिच्या मनानं एकच घेतलं होतं: सगळी मेल्यावर एका जागी जातील, सासूसासरा, नवरा, मारुती, सारी आपली माणसं, आणि हौशा तेवढा दुसरीकडं. ना बायको, ना पोरंबाळं. तिथं त्याच्या ओळखीचं कोण? तेव्हा ती चिक्की आणायला म्हणून लोणावळ्याला गेली आणि फादरला म्हणाली, मलाही पाणी घाला. फादर तेव्हा थकला होता, खुर्चीतून उठवत नव्हतं. त्यानं विचारलं, का? तिनं कारण सांगितलं. "पोरगं तिकडं एकटं पडंल, म्हनलं. तर त्यो रडला बग. मोट्यानं रडला. मला वाटलं, आनंदानं." मग त्यानं विचारलं, विश्वास आहे का. ती म्हणाली, माझा पोरगा जगवला त्यानं, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? मग फादरनं पाणी आणायला सांगितलं. हौशाला सांगू नका, ही अट तिनंच घातली होती. तिला वाटलं, लेकाला ओझं व्हायचं. पुढं ती घरातले देवही पुजत राहिली, जत्रेचा नैवेद्यही करत राहिली, आणि झोपताना फादरनं शिकवलेली त्यांची प्रार्थना भिंतीकडं तोंड करून पुटपुटत राहिली. मारुतीला आजतागायत ठाऊक नव्हतं.

फादरला ठाऊक होतं. सर पडवीच्या कडेला खाली बसले. त्या म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं की हौशीरामच्या अंगाला थेंब लागलेला नाही, आणि ही बाई तो तिकडं आहे म्हणून तिकडं चाललीय. सांगितलं असतं तर ती आली तशी चिक्की घेऊन परत गेली असती. नाही सांगितलं. रडला आणि पाणी आणवलं. पुढं सर त्याला भेटायला जात, तो खुर्चीत बसून असायचा, हात हातात घ्यायचा, काही सांगायला आल्यासारखा ओठ हलवायचा आणि मग म्हणायचा, इकडं ये रं, एक ओळ म्हण. सर ओळ म्हणायचे. याला मोठेपणा म्हणत आले होते ते! न विचारणं म्हणजे आदर, असं पोरांना शिकवत आले होते. एका शब्दानं विचारलं असतं, तर हो म्हटलं असतं कदाचित, विसाव्या वर्षी, तिसाव्या वर्षी, कुणास ठाऊक. पुन्हा राग वर आला, पण या खेपेला तो कुणावर काढायचा तेच सापडेना. आबा मेले होते. फादर मेला होता. सायमन बिचारा साखर घालत होता. आणि ही समोर.

आई बाजेच्या कडेवर येऊन बसली होती. तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. मग तिनं विचारलं, रागानं नाही, रडून नाही, उद्या बाजाराला कोण कोण जाणार असं विचारावं तसं:

"आता तिकडं मी एकलीच का रं, हौशा?"

सरांनी खिशातून फोन काढला. रविवारी घेतो, ते म्हणाले. पवनेवर काही लोक घेणार आहेत, मलाही बोलावलंय. आत्ता सांगतो त्यांना, येतो म्हणून. घेतो आणि मोकळा होतो, एकदाचं थेंब थेंब म्हणून जे चाललंय सगळ्यांचं ते संपू दे. शाळाही राहील, खोलीही राहील, तूही एकटी पडणार नाहीस. आणखी काय पाहिजे? फोनात सायमनचं नाव सापडत नव्हतं, सापडलं तेव्हा बोट भलतीकडंच पडलं, आणि त्यांनी एक कचकचीत शिवी दिली, फोनला की सायमनला की आणखी कुणाला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. आईनं हात पुढं करून फोनवर ठेवला. तिचा हात गार होता आणि त्याला काही वजनच नव्हतं.

"आसा नगं घेऊस," ती म्हणाली. "रागात घेतल्यालं लागत न्हाई."

कुणी सांगितलं तुला, फादरनं? सरांनी विचारलं. तिनं मान हलवली. कुणी सांगायला कशाला लागतंय, म्हणाली. खळ्यावरून भाताच्या पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता, एका लयीत, मधूनच मारुती कुणाला तरी काहीतरी ओरडून सांगत होता. रविवार म्हणजे उद्या, परवा, तेरवा. तोवर हा राग जाणार नाही, हे सरांना स्वच्छ दिसत होतं. तो आजचा नव्हताच. तेव्हा रविवार गेला, आणि रविवाराबरोबर शाळा गेली, ती लॅटिन घोकणारी पोरं गेली, खोली गेली. सोमवारी जाऊन कपाट रिकामं करावं लागणार. त्यांनी फोन खिशात ठेवला.

"मग थांबावं लागंल तुला, आये," ते म्हणाले. आवाजात अजून भांडणच होतं. "माजा राग जायाला लई दिस लागतील."

"थांबते की," मुक्ताबाई म्हणाली. "मला कुटं जायाचंय."